ग्रीन कार्ड हरवलं किंवा मुदत संपली, आणि तुम्ही ठाण्यात आहात: काय करायचं?

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत, वाशी-नेरूळ-खारघरच्या कट्ट्यांवर असे आजी-आजोबा हमखास भेटतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, तिने आईवडिलांसाठी अर्ज केला, ग्रीन कार्ड मिळालं, आणि तेव्हापासून काही महिने इथे, काही महिने तिथे. एक दिवस कपाटातलं कार्ड काढून बघावं तर त्याची मुदत संपलेली असते. नाहीतर रिक्षात राहिलेल्या पर्ससोबत तेही जातं. मग जो तो आपापला सल्ला देतो आणि घरात नुसती घालमेल होते. हा लेख त्यांच्यासाठी आणि तिकडून फोनवर धीर देणाऱ्या त्यांच्या मुलांसाठी आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. दहा वर्षांच्या कार्डाची मुदत संपली म्हणून तुमचा कायम रहिवासाचा दर्जा संपत नाही. कार्ड हा त्या दर्जाचा पुरावा आहे आणि पुरावा नवा काढता येतो. खरा धोका असतो तो अमेरिकेबाहेर काढलेल्या दिवसांचा. कार्डाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, दिवस मात्र कुणी मोजत नाही.

आधी कॅलेंडर काढा

अमेरिकेतून शेवटचे कधी निघालात ती तारीख शोधा. पासपोर्टवरचा मुंबई विमानतळाचा आगमनाचा शिक्का, बोर्डिंग पास, तिकिटाचा ईमेल, काहीही चालेल. अमेरिकी सरकारच्या आय-९४ (प्रवाशांच्या येण्याजाण्याची नोंद) संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकूनही कधी कधी हा इतिहास मिळतो.

सहा महिन्यांच्या आत असाल तर सहसा फारशी अडचण येत नाही. सहा महिने उलटून गेले असतील तर परतताना विमानतळावर चौकशी होऊ शकते, त्यामुळे तिकडचं घर, बँक खातं, कर विवरणपत्र असे कागद हाताशी ठेवा. बाहेर वर्ष पूर्ण झालं आणि री-एंट्री परमिट (जास्त काळ बाहेर राहून परतण्यासाठी आधीच घेतलेला परवाना) नसेल, तर प्रवेशासाठी ते कार्डच चालत नाही, मग त्यावरची मुदत कितीही शिल्लक असो. अशा वेळी एसबी-१ हा रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा मागावा लागतो, आणि मुक्काम आपल्या हातात नसलेल्या कारणाने लांबला हे कागदांनिशी सिद्ध करावं लागतं. आजारपण असेल तर हॉस्पिटलचे डिस्चार्ज पेपर पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

कार्ड हातात आहे, पण मुदत संपली आहे

कार्ड दहा वर्षांचं असेल तर अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचं धोरण विमान कंपनीला तुम्हाला विमानात घेऊ देतं. तरी काउंटरवरच्या प्रत्येकाला ते ठाऊक असतंच असं नाही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते छापून सोबत ठेवा. मधे दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथला ट्रान्झिटचा नियम वेगळा तपासा, कारण काही देश फक्त चालू मुदतीचं कार्ड मान्य करतात. वयस्कर माणसांसाठी थेट विमान मिळालं तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

दोन वर्षांच्या सशर्त कार्डाचा मार्ग निराळा आहे. लग्नामुळे मिळालेल्या अशा कार्डासाठी मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अट काढण्याचा अर्ज भरावा लागतो. पुढे लिहिलेला आय-९०, म्हणजे नवं कार्ड मागण्याचा अर्ज, त्यासाठी नाही.

कार्ड इथेच हरवलं

पहिलं काम पोलीस ठाण्याचं. कार्ड नौपाड्यात हरवलं असेल तर नौपाडा पोलीस ठाणं, वाशीत हरवलं असेल तर वाशीचं. लोकलमध्ये गेलं असेल तर स्टेशनवरच्या लोहमार्ग पोलिसांकडे जा. नुसतं हरवलं असेल तर गहाळ झाल्याची नोंद होते, आणि चोरीची खात्री असेल तर तसं स्पष्ट सांगून एफआयआर मागा. जाताना एका कागदावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, ‘यूएस पर्मनंट रेसिडेंट कार्ड’ हे शब्द आणि कार्डावरचा नऊ आकडी यूएससीआयएस (अमेरिकेचं नागरिकत्व आणि स्थलांतर खातं) क्रमांक इंग्रजीत लिहून न्या आणि नोंद घेणाऱ्या अंमलदारापुढे ठेवा. नाहीतर नोंदीत ‘परदेशी ओळखपत्र’ एवढंच उतरतं आणि पुढे कागद जुळत नाहीत. कार्डाची झेरॉक्स नसेल तर हा क्रमांक, ज्या व्हिसावर तुम्ही पहिल्यांदा स्थायिक म्हणून गेलात त्यावर छापलेला असतो. त्यामुळे जुना पासपोर्ट रद्द झाला तरी टाकू नका.

दाखला मराठीत मिळाला तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा. यूएससीआयएसच्या नियमानुसार भाषांतर करणाऱ्याने खाली दोन गोष्टी लिहून सही करायची असते: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात. नोटरीची सक्ती नाही. शेजारच्या मराठी शाळेतल्या निवृत्त बाईंनी केलं तरी चालतं.

मग आय-१३१ए. तुम्हाला विमानात घ्यावं म्हणून विमान कंपनीसाठी मिळणारा हा कागद आहे. बाहेर एक वर्षापेक्षा कमी काळ झालेला असेल तरच तो मिळतो. री-एंट्री परमिट असेल तर ही मर्यादा दोन वर्षांची. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर आधी फी भरायची. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकात ती ५७५ डॉलर आहे आणि परत मिळत नाही. पावती छापायची, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी कॉन्सुलेटने सांगितलेल्या पद्धतीने वेळ घेऊन स्वतः जायचं. सोबत भरलेला फॉर्म, पासपोर्ट, फोटो, परतीच्या प्रवासाचा तपशील, अमेरिकेतून निघाल्याच्या तारखेचा पुरावा, पोलिसांचा दाखला आणि असेल तर कार्डाची प्रत.

ठाण्याहून असो वा हार्बरने नवी मुंबईहून, कुर्ल्याला उतरून पश्चिमेला बस किंवा रिक्षा हेच सोपं पडतं. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून बाहेर थांबायला घरचं कुणीतरी बरोबर असू द्या, आणि त्यांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

नवं कार्ड: आय-९०

हा अर्ज अमेरिकेत पोचल्यावर भरणं बरं, कारण बोटांचे ठसे आणि फोटोसाठी तिथल्याच केंद्रात बोलावतात. मुदत संपायला सहा महिने उरले की तो भरता येतो. ऑनलाइन भरला तर ४१५ डॉलर, कागदावर ४६५. पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा दर संकेतस्थळावर एकदा बघून घ्या, आणि पत्ता डॉट जीओव्हीनेच संपतोय ना तेही. फॉर्म फुकट मिळतो. तो ‘मिळवून देण्याचे’ पैसे कुणालाही देऊ नका.

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. पासपोर्टवर पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र, कार्डावर नवऱ्याचं नाव गायब, बँकेत माहेरचं आडनाव. चूक त्यांच्या छपाईची असेल तर नवं कार्ड फी न घेता मिळतं, मात्र अर्जात ते कारण नीट निवडायला हवं. नाव तुम्ही कायद्याने बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडा.

दुसरा घोळ पत्त्याचा. लेकीकडे राहणाऱ्या आईवडिलांचं आडनाव वेगळं आणि टपालपेटीवर जावयाचं. पोस्टमन पाकीट परत पाठवतो, आणि कार्ड गेलं कुठे म्हणून सगळे हवालदिल. अर्जात ‘इन केअर ऑफ’चा रकाना आहे, त्यात लेकीचं किंवा जावयाचं नाव घाला आणि पेटीवर आईवडिलांचं आडनाव चिकटवा. घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरून कळवायचं असतं.

अर्ज पोचला की आय-७९७सी ही पावती येते. नूतनीकरणाच्या अर्जावर ती जुन्या कार्डाची मुदत ३६ महिन्यांनी वाढवते. हा नियम १० सप्टेंबर २०२४ पासून आहे. त्या काळात प्रवास करताना मूळ पावती आणि जुनं कार्ड दोन्ही हातातल्या बॅगेत असू द्या, चेक-इनच्या सामानात नकोत.

परतताना विमानतळावर

बराच काळ बाहेर राहिलेल्यांपुढे अधिकारी कधी आय-४०७ हा फॉर्म ठेवतात. त्यावर सही म्हणजे कायम रहिवास आपण होऊन सोडणं. दमलेली, इंग्रजीला बिचकणारी माणसं ‘साहेब म्हणतात तर’ म्हणून सही करून मोकळी होतात, आणि हे वाचून तरी कुणी तसं करू नये. सही ऐच्छिक आहे. नकार देऊन इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. निघण्याआधी ‘मी सही करणार नाही, मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी हवी’ हे वाक्य आईबाबांकडून इंग्रजीत दोन-चार वेळा म्हणून घ्या.

पुढच्या वेळी मुक्काम वर्षाहून लांबण्याची शक्यता असेल, तर अमेरिकेत असतानाच आय-१३१ हा फॉर्म (वरचा आय-१३१ए नव्हे) भरून री-एंट्री परमिट मागा. ते साधारण दोन वर्षांचं मिळतं. इथे आल्यावर त्याचा अर्ज करता येत नाही.

आणि कुणाला आता ठाण्यातच कायम राहायचं असेल, तर त्यातही काही वावगं नाही. तोच आय-४०७ स्वतःच्या इच्छेने, घरी बसून, शांतपणे भरून पाठवता येतो. त्याला फी नाही. नातवंडांना भेटायला नंतर पर्यटक व्हिसासाठी अर्ज करता येतो. फक्त गेल्या पंधरा करवर्षांपैकी आठ किंवा अधिक वर्षांत कार्ड तुमच्याकडे असेल, तर फॉर्म पाठवण्यापूर्वी अमेरिकी कर जाणणाऱ्या सल्लागाराला विचारा, कारण अशांना कार्ड सोडताना वेगळी कर-कागदपत्रं भरावी लागतात.