मध काढण्याआधीच्या दोन रात्री

पहिल्या वर्षी जांभळाचा मध मी मे संपता संपता काढला. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते, पण चौकटीवर मेणाची झाकणं दिसली की मध पिकला, एवढंच मला ठाऊक. ऑगस्टमध्ये गिऱ्हाईकाचा फोन: "दादा, बूच काढलं आणि फस्सकन फेस वर आला." वास ताडीसारखा आंबूस. अकरा बाटल्या परत घ्याव्या लागल्या.

मधात पाणी जास्त राहिलं की तो असा आंबतो. मग ते पाणी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घेतला. त्यात ब्रिक्सची, म्हणजे साखरेच्या मापाची, पट्टी वाचू नका, पाण्याच्या टक्क्यांची वाचा. शंभरातून ब्रिक्स वजा केला तर पाणी दीड-दोन टक्के जास्तच दिसतं. मी आठवडाभर त्याच घोळात होतो. कायद्याची मर्यादा २० टक्के. आमच्याकडे महाबळेश्वरच्या पट्ट्यात सातेरी या देशी माशीचा मध मुळातच पातळ, त्यात दमट हवा असली तर पोळ्याच्या मेणाने झाकलेल्या घरातलाही २१-२२ टक्के भरतो.

म्हणून आता मधकोठ्या, म्हणजे पेटीवरचे मधाच्या चौकटींचे कप्पे, थेट मध काढायच्या यंत्राकडे नेत नाही. सकाळी, माश्या चरायला जायच्या आत उतरवतो, म्हणजे दिवसाचा ताजा मकरंद त्यात नसतो. झाकण नसलेल्या घरांची चौकट आडवी धरून हिसका द्यायचा. थेंब उडाले तर ती परत पेटीत.

बाकीच्या कोठ्या एका लहान खोलीत, खाली ट्रे आणि विटा ठेवून, हवा आरपार जाईल अशा रचायच्या. खालून पंखा, कोपऱ्यात डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र), खिडक्या घट्ट बंद. खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर मध सुकायचा राहिला, उलट पाणी ओढतो. मी ती ४५च्या आसपास आणतो. डिह्युमिडिफायर स्वतःच खोली तापवतो, त्यामुळे थर्मामीटर टांगलेला हवा; ३५ अंशांच्या वर गेलं की पोळं मऊ पडून चौकटीतून ओघळतं. माझी एक चौकट अशीच गेली, आणि मुंग्यांनी बाकीचं काम केलं.

गेल्या मे महिन्यात मधातलं पाणी पहिल्या संध्याकाळी २२ टक्के होतं, तिसऱ्या सकाळी १९. १० किलोमागे साधारण ३७० ग्रॅम पाणी उडालं. काका म्हणाले, "विकायचंच होतं ते, उडवलंस कशाला?" त्यांना मी परत आलेली एक बाटली हुंगायला दिली.

हे काढणीच्या आधीच करायचं. पोळ्यात मध हजारो लहान घरांत पसरलेला असतो, म्हणून हवा लागते. बादलीत गेला की फक्त वरचा थर सुकतो, आणि मग तापवावा लागतो. तापवलेल्या मधाला जांभळाचा तो किंचित कडवट वास राहत नाही. चौकटी तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, मेणकिडा लागतो. गाळून झाला की त्याच दिवशी झाकणबंद करा. जूनच्या हवेत उघडी बादली एक रात्र राहिली तरी वरचा थर पुन्हा पातळ होतो.