आधी तिथी, मग डबा: अंदमानात मुलांना घेऊन भटकताना

पोर्ट ब्लेअरला येऊन आम्हाला सहा वर्षं होतील. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा, म्हणजे तो इथलाच. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो: सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, हॅवलॉक, परतीचं विमान. त्यात काही वावगं नाही. कोठडीपुढे उभं राहिलं की माझाही आवाज अजून बसतो. पण इथे राहणाऱ्यांना वर्षाचे बावन्न रविवार काढायचे असतात, आणि मुलांना दर रविवारी जेल दाखवता येत नाही. बदली होऊन नव्याने येणाऱ्या मराठी घरांतून मला जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते.

एक खुलासा आधी. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं, लोकांच्या तोंडी जुनी. मी जुनीच लिहितेय, पण तिकीट काढताना गोंधळू नका.

आता मुख्य गोष्ट. इथे सहल सुट्टीवर ठरत नाही, पाण्यावर आणि उजेडावर ठरते.

उजेडाचं आधी, कारण ते सोपं आहे. घड्याळ इथे मुंबईचंच आहे, पण सूर्य मुंबईच्या सव्वा तासाहूनही थोडा आधी येतो. नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत तो बुडालेला असतो. जूनमध्येही पावणेसहाला संपलं. त्यामुळे "दुपारी जेवून चारला निघू" हे पुण्यातलं वेळापत्रक इथे आणलंत, तर समुद्र अंधारातच दिसेल. त्याउलट पहाटे पाचला उजेड असतो. आम्ही साडेपाचला घर सोडतो आणि अकराच्या आत परत येतो. दुपारी सगळे झोपतात, उन्हाचाही प्रश्न उरत नाही. पहिल्या वर्षी थोरली कुरकुरायची. आता ती आम्हाला उठवते.

पाण्याचं गणित मात्र शिकावं लागतं. माझं माहेर हर्णैजवळचं. आजोबा भरतीची वेळ बोटांवर काढायचे: तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, की ओहोटी. हे गणित कोकण किनाऱ्यावर कामापुरतं बरोबर येतं, आणि मला ते येतं याचा मला जरा गर्वच होता.

तो गर्व नील बेटावर उतरला. तिथे लक्ष्मणपूरच्या दोन नंबरच्या किनाऱ्यावर प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्या पायाशी ओहोटीला खडकांत डबकी उघडी पडतात आणि त्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, मोठे शिंपले, रंगीत मासे दिसतात. मुलांसाठी याहून चांगलं प्राणिसंग्रहालय मी पाहिलेलं नाही. पंचमी होती. आजोबांच्या हिशेबाने ओहोटी दहाच्या सुमारास. आम्ही निवांत नाश्ता करून साडेनऊला खडकांवर पोचलो. डबकी दिसेनात, नुसतंच हलणारं पाणी. मला वाटलं, अजून उतरतंय. वीस मिनिटांनी परत वळलो, तेव्हा आलो त्या वाटेवर माझ्या गुडघ्याएवढं पाणी होतं आणि खालचा खडक दिसत नव्हता. धाकटा बाबाच्या खांद्यावर, थोरलीचा हात माझ्या हातात, आणि माझी एक चप्पल कायमची समुद्रात. वर शहाळी विकणाऱ्या बाईंनी न हसता सांगितलं, "दीदी, पानी तो आठ बजे ही उतर गया था."

समुद्र दुसरा, वेळ दुसरी. इथे पौर्णिमा-अमावास्येची भरती सकाळी साडेनऊच्या आसपास असते, म्हणजे आजोबांच्या उत्तरातून साधारण दोन तास वजा करायचे. मग पंचमीची ओहोटी आठला येते आणि सगळं जुळतं. यावरून मी माझा एक नियम बसवलाय: दोन्ही पक्षांतल्या द्वितीया ते पंचमी हे दिवस खडकांवर जाण्याचे. पाणी खूप उतरलेलं असतं आणि ओहोटी पहाटे साडेपाच ते आठच्या दरम्यान येते, ऐन उजेडात नि थंडाव्यात. अष्टमीच्या आसपास ओहोटीलाही पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा ते दिवस पोहण्याला किंवा डोंगराला द्या. कालनिर्णय मी दरवर्षी माहेराहून मागवते ते याचसाठी, उपासासाठी नव्हे. तरी हा झाला महिन्याचा बेत आखण्यापुरता अंदाज. निघण्याच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरचं भरतीपत्रक मोबाईलवर बघायचंच. आणि ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं, पाणी वळलं की आपणही वळायचं, डबक्यात कितीही सुंदर काही दिसत असलं तरी.

खडकांसाठी नीलपर्यंत जायलाच हवं असंही नाही. शहरातून चिडिया टापूच्या रस्त्यावर बर्मानाला लागतं, तिथला किनारा खडकाळ आहे आणि तो बघायला पर्यटक थांबत नाहीत. आम्ही सर्वांत जास्त वेळा तिथेच जातो. पायात मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल हव्यात, नुसत्या चपला नकोत (अनुभवाचे बोल). जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही हे मुलांना आधी समजावायचं. ते दगडासारखं दिसतं, म्हणून लक्षात राहत नाही. आमच्या घरात परवलीचा शब्द आहे: "वाळूवर किंवा काळ्यावर." म्हणजे पाऊल वाळूवर किंवा काळ्या खडकावर, बाकी कशावरही नाही.

शंखशिंपल्यांचा विषय याच ओघात. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलणं गुन्हा आहे. कित्येक शंखांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते काढून घेतात. सहा वर्षांच्या मुलाला कायदा कळत नाही, खिसा कळतो. म्हणून आम्ही वही नेतो. सापडलेला शंख वाळूवर ठेवायचा, त्याचं चित्र काढायचं, आणि तो परत होता तिथे. चित्र होईपर्यंत निम्म्या वेळा शंखातून पाय बाहेर येतात आणि तो चालू लागतो. आत साधूखेकडा असतो. मग शंख घरी न्यायचा हट्ट आपोआप संपतो.

मगरी. हो, खाऱ्या पाण्यातल्या, आणि थट्टा नाही. तिवरांची रानं असलेल्या खाड्या आणि त्यांची मुखं ही त्यांची जागा. कोकणात आम्ही खाडीच्या तोंडाशीच डुंबायचो, त्यामुळे ही सवय मला मुद्दाम मोडावी लागली. जिथे मगरीची पाटी आहे तिथे गुडघाभर पाण्यातही नाही. वंडूरसारख्या ठिकाणी जाळी लावून पोहण्याची जागा आखलेली आहे, पोहायचं तर तिच्या आतच, जीवरक्षक असतानाच. तिन्हीसांजेला पाण्याच्या कडेला मुलं नकोत. एवढं पाळलं तर रात्री झोप लागते.

खरा रोजचा त्रास मगरीचा नव्हे, वाळूतल्या सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्यांचा. दिसत नाहीत, चावताना कळत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या पायांवर पुरळ उठतो तो आठवडाभर खाजतो. उघड्या वाळूवर लोळू द्यायचं नाही, जाड चटई घ्यायची, आणि निघण्यापूर्वी पोटऱ्यांना खोबरेल चोपडायचं. तेलाच्या थरामुळे त्या चावू शकत नाहीत असं इथले लोक म्हणतात. आमच्याकडे तरी फरक पडला. दुसरी एक इथली खासियत म्हणजे घोण, आणि ती लहानसहान नसते. बाहेर काढून ठेवलेले बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

डोंगर हवा असेल तर दोन पर्याय. चिडिया टापू शहरापासून सुमारे २५ किलोमीटर, आणि तिथून मुंडा पहाडाची पायवाट. झाडीतून जाते, शेवटी एकदम समुद्रावर उघडते, सहा वर्षांचं मूल कुरकुर न करता चालतं. दुसरा माउंट हॅरिएट, २०२१ पासून माउंट मणिपूर. चॅथमहून गाडीसकट फेरीने बांबू फ्लॅटला उतरायचं, फेरी हीच मुलांची अर्धी सहल. वरून दिसणारा नॉर्थ बेचा दीपस्तंभ म्हणजे वीस रुपयांच्या जुन्या लालसर नोटेवरचं चित्र. आम्ही एक नोट जपून ठेवलीय, दर वेळी ती धरून जुळवून बघतात. तिथून काला पत्थरची वाट दोनेक किलोमीटर आहे. पावसात जळवा असतात, तेव्हा विजार मोज्यात खोचा आणि मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा.

पक्ष्यांसाठी सिप्पीघाट. २००४च्या भूकंपात इथली जमीन सुमारे मीटरभर खचली, समुद्र शेतांत शिरला आणि तिथेच राहिला. रस्त्याच्या कडेला गाडी लावून बघितलं तरी बदकं, बगळे, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. थोरलीने एकदा विचारलं, "इथे ज्यांची शेतं होती, ते कुठे गेले?" पक्षी बघायला नेलं होतं, बोलणं त्सुनामीवर गेलं. जाऊ द्यावं.

वंडूरहून जॉली बॉयला जायचं ते साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. बाकीच्या दिवसांत रेडस्किन बेट उघडं असतं. दोन्ही महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात. तिथे एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक चालत नाही, बिस्किटाचा पुडाही धक्क्यावर तपासतात. स्टीलचे डबे आणि स्टीलच्या बाटल्या न्या, रांगेतला अर्धा तास वाचतो. डब्यात आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं गोड लोणचं आणि केळी. पोळीभाजीची भाजी या दमट हवेत दुपारपर्यंत आंबते. बेटावर विकत काही मिळेल असं धरून चालायचं नाही.

बोटीसाठी आलेपाक. गोळीपेक्षा मला त्याचा भरवसा. निघण्याआधी तासभर कोरडं काहीतरी थोडं खायचं, पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. बोटीच्या मध्यावर बसायचं आणि मोबाईल बंद करून क्षितिजाकडे बघायचं. सरकारी बोट संथ पण तिच्यात बाहेर वाऱ्यावर उभं राहता येतं. खाजगी बोटी वेगवान, पण बंद काचांच्या, आणि आमची दोन्ही पोरं तिथेच ओकतात. इथल्या रहिवाशांना सरकारी बोटीचं भाडं बरंच कमी लागतं, तेव्हा बदली होऊन आल्या आल्या त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात ते विचारून घ्या. मेच्या उत्तरार्धात पाऊस आला की समुद्र खवळतो आणि फेऱ्या रद्द होतात. जून ते सप्टेंबर मुलांना घेऊन दुसऱ्या बेटावर मुक्कामाला जाऊ नये असं माझं मत आहे. जाणं जमेल, सोमवारच्या शाळेसाठी परत येणं जमेलच असं नाही. या महिन्यांत रॉसपुरतं जा, तेही समुद्र शांत असेल तर. तिथे हरणं आणि मोर माणसांत फिरतात, आणि ब्रिटिशांच्या पडक्या भिंती वडा-पिंपळासारख्या झाडांच्या मुळांनी गिळल्यात. बुधवारी बंद असतं.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा छान आहेत, तिवरांमधून होडीने जायला मिळतं. पण तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून गाड्यांचा ताफा सुटतो, थांबायला आणि फोटो काढायला मनाई. काही प्रवासी गुहांपेक्षा काचेतून माणसं दिसतात का ते बघायलाच जातात. आम्ही एकदा गेलो. मुलांना आधीच सांगितलं होतं की ते त्यांचं घर आहे आणि आपण त्यांच्या अंगणातून जातोय. पुन्हा जायचं मनात आलं नाही.

घरी आल्यावर: आधी पाय गोड्या पाण्याने, प्रवाळाने खरचटलं असेल तर साबणाने नीट धुऊन. ती जखम चिघळते आणि बरी व्हायला वेळ घेते, लाली पसरली तर डॉक्टर. वाळू अंगणातच झटकायची, नाहीतर ती मंगळवारी गणिताच्या वहीत सापडते.

येत्या शनिवारी वद्य तृतीया. ओहोटी साडेसहाच्या आसपास, म्हणजे साडेपाचला बर्मानाल्यावर असायला हवं. पुऱ्यांची कणीक आज रात्रीच मळून ठेवते.