चहा गॅसवर, पंखा बॅटरीवर: ट्रेलरमधल्या १२ व्होल्टचा हिशेब

ट्रेलर घेऊन मुक्कामी जायचं ठरलं की लोक पहिल्यांदा विचारतात, इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्ट डीसीचं घरासारखं २३० व्होल्ट एसी करणारा) केवढा घेऊ? मी उलट विचारते: बॅटरीकडून गरम काय काय करून हवंय? यादीत केटल, इंडक्शन, इस्त्री, हेअर ड्रायर असेल तर ते आधी खोडा. उरलेल्या यादीला बहुतेक वेळा इन्व्हर्टर लागतच नाही.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचा ट्रेलर लहानसा, नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेटरकडून करून घेतलेला. दोन माणसं झोपतात, मागच्या बाजूला ओटा, पुढे बोलेरो. (आरटीओची नोंदणी हा स्वतंत्र विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.) गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, घोटीमार्गे भंडारदरा, थंडीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला, असं आमचं फिरणं. अभयारण्यात नाही हं, जवळच्या ओळखीच्या शेतात आम्ही ट्रेलर लावतो.

केटलचा वाद

आमच्या ह्यांना डोळे उघडले की चहा लागतो आणि गॅस लावायचा कंटाळा, त्यामुळे केटलवरून आमच्यात कायमची तक्रार. म्हणून गणित मांडते. लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळायला साधारण ८७ वॉट-तास लागतात, वाया जाणारं धरून ११०. एवढी वीज बॅटरीत असते. अडचण करंटची आहे. १५०० वॉटची केटल घरी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते. तीच १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवली तर १२५ अँपिअर, आणि इन्व्हर्टरचा तोटा मिळवला की १४० च्या घरात. एवढ्या करंटला करंगळीएवढी जाड केबल हवी. १०० अँपिअर-तासाच्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांमधलं संरक्षक सर्किट १०० अँपिअरच्या पुढे बॅटरी बंदच करून टाकतं. मग दिवे गेले, पंखा गेला आणि चहाही नाही.

गाडीच्या सॉकेटवर चालणारी १२ व्होल्टची केटल मिळते, नाही असं नाही. त्या सॉकेटचा फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा, म्हणून केटलही १५० वॉटच्या आसपासचीच करता येते. लिटरभर पाण्याला पाऊण तास. तेवढ्यात ह्यांची आंघोळ, पूजा आणि पेपर, तिन्ही होतात.

तेव्हा उष्णता ५ किलोच्या सिलिंडरकडे सोपवा. शेगडी ट्रेलरच्या बाहेर, आडोशाला. बंद ट्रेलरमध्ये गॅस किंवा कोळशाची शेगडी ऊब घेण्यासाठी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. सेलवर चालणारा त्याचा अलार्म मिळतो, तो पलंगाजवळ लावा. निफाडकडे थंडीत पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो, पण गोधडी आणि रबरी पिशवीत गरम पाणी, एवढ्यावर रात्र निघते.

दिवसाला किती लागते

सूत्र एकच: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, आणि वॉट गुणिले तास म्हणजे वॉट-तास. प्रत्येक वस्तूच्या मागचं लेबल वाचा आणि वहीत लिहा. आमची वही अशी. एलईडी पट्ट्या १० वॉट, पाच तास: ५०. डीसी पंखा (थेट बॅटरीवर चालणारा) १२ वॉट, रात्रभर आठ तास: ९६. दोन फोन, चार्जरचा तोटा धरून: ५०. पाण्याचा पंप ५० वॉटचा, पण दिवसभरात सगळा मिळून दहा-बारा मिनिटंच चालतो: १०. झाले दोनशेच्या थोडे वर.

आता फ्रिज. कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा छोटा फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो असं धरा. हिवाळ्यात चोवीस तासांतले आठ तास कॉम्प्रेसर फिरला तर ३६०. एप्रिलमध्ये बारा तास फिरला तर ५४०. म्हणजे उन्हाळ्यात एकटा फ्रिज बाकी सगळ्यांच्या दुपटीपेक्षा जास्त खातो. त्यामुळे तो घ्यायचा की नाही हा निर्णय आधी, बॅटरीचा नंतर.

कॉम्प्रेसर नको म्हणून स्वस्तातला ‘कार कूलर’ घेणाऱ्यांना एक सांगते. त्यात पेल्टियर चकती असते, वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी. ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली नेते, त्यापुढे नाही. नाशिकला मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना आत २० ते २५. दूध संध्याकाळपर्यंत फाटणार. वर ही चकती मधे थांबत नाही, ५० वॉट सतत, म्हणजे दिवसाला १२००. पैसे वाचवून बॅटरी रिकामी करायचा हा उत्तम मार्ग आहे. दोन दिवसांच्या मुक्कामाला बर्फाची लादी आणि चांगलं जाड थर्माकोलचं खोकं घ्या, वीज शून्य.

१०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टची, म्हणजे १२८० वॉट-तास. त्यातले हजार बिनघोर वापरा. फ्रिज नसेल तर चार-पाच दिवस, उन्हाळ्यात फ्रिजसकट सव्वा दिवस. लेड-अ‍ॅसिडची तेवढ्याच आकड्याची बॅटरी अर्धीच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे ६००.

घरची लोडशेडिंगची ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिडचीच) बॅटरी पडून आहे, तीच टाकू का, हा प्रश्न हमखास येतो. नका टाकू. १५० अँपिअर-तासाचं ते धूड ५०-६० किलोचं, खड्ड्यात ट्रेलर आपटला की आतलं अ‍ॅसिड हिंदकळतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडतं. झोपायच्या खोलीत ते नको. लिथियमची बारा-पंधरा किलोत बसते. ती अ‍ॅक्सलच्या जरा पुढे, मधोमध, पट्ट्याने घट्ट बांधा.

वायर आणि फ्यूज

फ्रिज वरचेवर ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, बॅटरी मात्र भरलेली, ही तक्रार असेल तर फ्रिज दुकानात नेऊ नका. वायर बघा. घरात पॉइंटला वापरतो ती दीड स्क्वेअर एमएमची वायर कुणीतरी ओढलेली असते. तांब्याची असली तरी तिचा रोध मीटरला ०.०११५ ओहम. बॅटरी ते फ्रिज सहा मीटर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर, म्हणजे ०.१४ ओहम. पाच अँपिअरला ०.७ व्होल्ट वायरीतच जिरले. २३० व्होल्टमधून ०.७ गेले तर कळतही नाही, १२ मधून गेले की यंत्र रडतं. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट आणखी उसळतो आणि त्याच क्षणी तो बंद होतो. तिथे ६ स्क्वेअर एमएम टाका, घट ०.१७ व्होल्टवर येते. दिव्यांना दीडची चालेल.

फ्यूज वायरीसाठी असतो, वस्तूसाठी नाही. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच बसवायचा. फ्रिजजवळ बसवला तर मधल्या सहा मीटर वायरीला संरक्षणच राहत नाही, घासून पत्र्याला लागली की पेटते. गाडीचे ब्लेड फ्यूज कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतात: पाचचा फिकट तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा, तीसचा हिरवा. घरातल्या २३० व्होल्ट एसी विजेचं एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) इथे लावू नका. डीसीचा आर्क, म्हणजे स्विच उघडताना पडणारी ठिणगी, सहज विझत नाही, आत जळत राहतो.

आणि माझी सगळ्यात कडक सूचना: १२ व्होल्टच्या वायरीला घरातला दोन किंवा तीन पिनांचा सॉकेट लावू नये. आज तुम्हाला माहीत आहे, उद्या पाहुण्याला माहीत नसतं. पंख्याला तसाच पिनांचा प्लग लावलेला असेल तर कुणी तो घरी नेऊन २३० मध्ये खुपसेल. डीसीला वेगळ्या घडणीचे कनेक्टर वापरा, उलटे बसतच नाहीत असे.

कोणत्या वस्तू थेट चालतात

अडॅप्टर बघा. वायफाय राउटर, सीसीटीव्ही कॅमेरा, काही छोटे मॉनिटर यांच्या अडॅप्टरवर ‘आउटपुट १२ व्होल्ट डीसी’ लिहिलेलं असतं. म्हणजे आपण बॅटरीच्या डीसीचं इन्व्हर्टरने एसी करायचं आणि अडॅप्टरने परत डीसी, असा द्राविडी प्राणायाम चाललेला असतो, दोन्हीकडे गळती सोसून. थेट जोडा, पण मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा कन्व्हर्टर ठेवा, कारण चार्ज होताना बॅटरी १४.४ पर्यंत चढते. अडॅप्टरवर पिनेचं चित्र असतं, मधली पॉझिटिव्ह आहे ना ते तपासा. टाइप-सी वर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला गाडीचा ६५ वॉटचा चार्जर पुरतो. इन्व्हर्टर ठेवलाच तर लहान, आणि काम झालं की बंद. नुसता चालू ठेवला तरी तो रात्रभर वीज पीत बसतो.

ओट्याच्या नळासाठी कॅम्पिंगचा म्हणून विकतात तो महागडा पंप मी घेतला नाही. आपल्याकडे द्राक्षबागेत पाठीवरचा बॅटरीवाला फवारणी पंप असतो ना, त्यातही १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंपच आहे. सुटा, कोरा पंप पिंपळगाव बसवंतच्या दुकानात मिळतो, प्रेशर स्विच आणि डायफ्रॅम तालुक्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात. बिघडला तर मुक्कामाच्या गावातच काम होतं. फक्त वापरलेला पंप कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, औषधाचा अंश धुऊन जात नाही.

बाहेरचा दिवा पिवळसर लावा, पाखरं कमी येतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तिथे हालचाल टिपून लागणारा ३ वॉटचा दिवा दाराशी असू द्या आणि खरकटं बाहेर टाकू नका. दिव्यापेक्षा खरकट्याची खबरदारी महत्त्वाची.

भरायची कशी

१०० वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी ३५० ते ४०० वॉट-तास देतं. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे छतावर सपाट पडलेलं पॅनेल आळशीपणा करतं. काढता येणारं घ्या आणि दक्षिणेकडे तिरकं उभं करा. ट्रेलर झाडाखाली, पॅनेल उन्हात, मधे जाड वायर. इगतपुरीच्या पावसात पॅनेलचा हिशेब शून्य धरायचा.

तेव्हा उपयोगी पडते गाडी. बोलेरोच्या बॅटरीवरून ट्रेलरची बॅटरी सरळ वायरीने जोडू नका. रात्री फ्रिज दोन्ही रिकाम्या करेल आणि सकाळी स्टार्टर नुसता टकटक करेल. मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवा, इंजिन चालू असतानाच चालणारा. २० अँपिअरचा असेल तर नाशिक ते भंडारदरा दोन तासांत ५०० वॉट-तास जमतात, म्हणजे वापरायच्या हजारातले अर्धे. शेतात मुक्काम असेल तर शेतवाल्या भाऊंना विचारून घरातल्या पॉइंटवर चार्जर लावा. शेतातल्या पाण्याच्या मोटारीची थ्री-फेज वीज ठरावीक तासच येते, तिच्या भरवशावर राहू नका आणि तिथे हातही घालू नका.

किती उरली हे लेड-अ‍ॅसिडमध्ये सकाळी सगळं बंद असताना मीटर लावून कळतं: १२.६ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे अर्धी. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट असतो, तिथे व्होल्टमीटर फसवतो. निगेटिव्हवर शंट (करंट मोजायला लावतात ती अगदी कमी रोधाची पट्टी) लावलेला अँपिअर-तासाचा मीटर बसवा.

परत आल्यावर लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवायची, लिथियम अर्धी भरून. उन्हाळ्यात ट्रेलर अंगणात उभा असेल तर बॅटरी काढून घरात आणा, पत्र्याखालची उष्णता तिला सोसत नाही. फ्रिज पुसून दाराच्या फटीत कपड्याची घडी अडकवा, म्हणजे आत बुरशी धरत नाही.