घरी वाइन चाखून बघायची असेल तर

बाटल्या चारच घ्या. आम्ही चौघांनी नाशिककडच्या घेतल्या होत्या: सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या, शिराझ आणि कॅबरने सॉव्हिन्यॉ या लाल. लेबलावरचं साल द्राक्षकाढणीचं असतं. आपल्याकडे पावसाळा सरला की गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, होते आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. युरोपात ती उन्हाळ्याच्या शेवटी-शेवटी, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरात. त्यामुळे एकाच सालाची नाशिकची बाटली तिकडच्या बाटलीपेक्षा सहा-आठ महिन्यांनी थोरली. पांढरी घेताना अलीकडचं साल बघा.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड देशांतला. पुण्यातली एप्रिलची खोली त्यात बसत नाही. लालला 16 ते 18 अंश पुरतात, म्हणून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी दोन-तीन तास ठेवा, पण ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. फार गार वाइनला वासच येत नाही.

त्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणी नको, देवघरात उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको. पहिल्या खेपेला मी ऐन वेळी पोह्यांना फोडणी दिली आणि चारही वाइनना हिंगाचा वास आला!

आता बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून वर आकडे घाला. हे काम एकानेच करायचं. कुठल्या आकड्याखाली कुठली वाइन हे त्याला माहीत असणार, त्याला इलाज नाही. पांढऱ्या आधी, लाल नंतर. प्रत्येकी 40 मिलिलिटर ओतलं की भागतं. गिळायची नसेल तर थुंकायला रिकामं पातेलं ठेवा. पिकदाणीची परंपरा असलेल्या लोकांनी त्यात लाजू नये.

पेला न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. जे आठवेल ते वहीत लिहा, आणि लिहून होईपर्यंत कोणीही तोंड उघडायचं नाही. एकाने "लिंबू" म्हटलं की सगळ्यांना लिंबूच येतं. परदेशी फळांची नावं आठवत बसू नका. आपला बाजार पुरेसा मोठा आहे. सॉव्हिन्यॉ ब्लाँला मी हिरवी ढोबळी मिरची लिहिली, शेनिनला पिकलेला पेरू. शिराझला मिऱ्याचा वास आला, आणि तो नुसता भास नव्हे: रोटंडोन नावाचं तेच द्रव्य मिऱ्यातही असतं.

मग घोट घेऊन तोंडात घोळवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा जास्त. हिरड्या जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळल्या तर ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतून आलेलं. कॅबरनेने माझं तोंड इतकं सुकवलं की दुसरा घोट घ्यावासा वाटेना. दोन वाइनच्या मध्ये पाणी आणि साधा पाव खा. चिवडा नंतर.

चव लिहून झाली की खाणं आणा. शेनिनबरोबर कोथिंबीर वडी झकास लागली. तिखट रश्श्याबरोबर शिराझ मात्र नको. अल्कोहोलने मिरची आणखी पेटते.

कागद सगळ्यात शेवटी काढा. उरलेल्या बाटल्या, लालसुद्धा, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी वही घेऊन पुन्हा बसा. आमच्या कॅबरनेचा तुरटपणा एका रात्रीत बराच निवला होता. मी आधीचं "नको" खोडून "बघू" लिहिलं.