करिअर निवडताना या चुका टाळा: निकालाच्या आठवड्यातील घाई

दहावी-बारावीचे निकाल आणि खरिपाची पेरणी विदर्भात पाठोपाठच येतात. ज्या दिवसांत बाप बियाण्याच्या आणि खताच्या पैशांची जुळवाजुळव करत असतो, नेमक्या त्याच दिवसांत मुलाने पुढे काय शिकायचे हे चार दिवसांत उरकले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शिकवताना मी पाहिलेल्या बहुतेक चुका या घाईतून झालेल्या आहेत. मुलाच्या कुवतीशी त्यांचा संबंध क्वचितच असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ टक्क्यांवरून शाखा ठरवणे. पंच्याऐंशीच्या पुढे सायन्स, साठ असतील तर आर्ट्स आणि त्याहून कमी असतील तर आयटीआय, असा अलिखित नियमच गावात रूढ झाला आहे. माझ्या वर्गातील एका मुलाकडे आसपासचे शेतकरी बॅटरीवर चालणारे फवारणी पंप दुरुस्तीला आणत. बंद पंप हातात आला की तो आधी नोझल काढून फुंकून पाहायचा, मग तारा तपासायचा आणि बॅटरीला सर्वांत शेवटी हात लावायचा, म्हणजे बिघाड शोधण्याची रीत त्याला कोणी न शिकवता आली होती. गुण चांगले पडले म्हणून घरच्यांनी त्याला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासला घातले, आणि दोन वर्षांत जीवशास्त्राबरोबर त्याचा आत्मविश्वासही गेला. सुदैवाने बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तो आता इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण करणाऱ्यांनाही हाच मार्ग खुला असतो, हे मात्र फार थोड्या पालकांना ठाऊक असते. म्हणून मूल नववीत असल्यापासून, कोणी न सांगता ते कोणत्या कामात रमते, हे पालकांनी पाहत राहावे.

दुसरी चूक अकरावीचा अर्ज भरताना होते. 2025-26 पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्यामुळे तालुक्याच्या नेट कॅफेत रांग लागते, आणि घाईत असलेला चालक विचारतो, "गणित ठेवायचे का?" गणित सोडले की अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची वाट अवघड होते. कृषी पदवीला मात्र राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, भौतिक-रसायन-जीवशास्त्र गटही चालतो, तर पशुवैद्यकीय पदवीसाठी नीट द्यावी लागते. विषय सोडून बसलेल्या विद्यार्थ्याला बोर्डाकडे "तुरळक विषय" म्हणून गणिताची परीक्षा नंतर देता येते. त्यामुळे एवढ्यावरून वर्ष वाया गेले असे समजू नये.

पोलीस भरतीविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. परंतु शिपाई पदासाठी पुरुषांना 165 सेंटिमीटर उंची लागते आणि ती दोन वर्षे धावून वाढत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी भिंतीला उभे राहून मोजून घ्यावी. मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची असते, तरी आमची मुले सगळा जोर सोळाशे मीटरवरच लावतात. किती भरत्या द्यायच्या हे आधी ठरवावे आणि सोबत एखादा ट्रेड किंवा पदवी चालू ठेवावी, अन्यथा वय उलटल्यावर हाती केवळ धावण्याचे बूट उरतात. एकाचे पाहून दुसऱ्याने जाण्याचा परिणाम आपण डीएडच्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या, वेळी भोगलाच आहे.

पैशांचा हिशेब पहिल्या वर्षापुरता करणे हीही नेहमीची चूक आहे. चार वर्षांचे वसतिगृह, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च वहीत लिहून काढल्याशिवाय कोणत्याही क्लासला आगाऊ रक्कम देऊ नये. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) कुटुंबांतील मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून (कॅप) घेतलेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत जाते, आणि ते कळते फी भरून झाल्यावर.

शेवटची चूक कागदांची आहे. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते मिळण्यास वेळ लागतो. ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा सर्वांत उपयोगी पडतो. आजोबांचा शाळेचा दाखला नसल्यास तहसीलमधून कोतवाल पंजीची, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढावी. ही धावपळ निकालानंतर करण्याऐवजी मूल अकरावीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत उरकावी, कारण त्या नकलेत आजोबांचे नाव बहुधा वेगळेच लिहिलेले निघते आणि तो मेळ घालण्यातच पुढचे काही महिने जातात.