प्लॉट घेताय? आधी विचारा, भरण कशाचं टाकलंय

नागपुरात प्लॉट घेणारा माणूस कागदांच्या बाबतीत एकदम पक्का असतो. सातबारा पाहतो, एनए (अकृषक) ऑर्डर पाहतो, नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, मंजुरीचं आरएल लेटर आहे का विचारतो, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च काढतो, वास्तूवाल्याला पण नेऊन आणतो. पण या जमिनीवर आधी काय चालायचं आणि इथला खड्डा कशानं भरला हे कोणीच विचारत नाही. सर्च रिपोर्टमध्ये ते येतही नाही, कारण वकील मालकी पाहतो, माती नाही पाहत. बँकेचा व्हॅल्युअर रेट आणि रस्ता पाहून जातो. म्हणून हे काम आपलं आपल्यालाच करावं लागते.

आपल्याकडं पहिला संशय राखेचा. कोराडी आणि खापरखेडा, दोन थर्मल स्टेशन शहराच्या डोक्यावर बसलेत आणि त्यांची राख तलावांमध्ये साठते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राख शेतात, नाल्यात आणि पुढं कोलार-कन्हान नदीत गेली, शहराच्या पाण्याला पण त्रास झाला, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. पण प्लॉटवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. खोलगट जागा भरायला राख वापरतात, त्याला नियमात परवानगी आहे, पण नीट दाबून आणि वरून चांगल्या मातीचा थर देऊन. लेआउटवाला किती नीट करते ते तुम्हीच समजा. राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, बोरॉन असे घटक थोडे थोडे असतात, पावसाचं पाणी त्यातून झिरपलं की ते बोअरपर्यंत जाऊ शकते. शिवाय न दाबलेल्या राखेवर घर बांधलं तर पाया बसतो ते वेगळंच. फ्लाय अॅशच्या विटांना मात्र घाबरू नका, तिथं राख सिमेंटात बांधलेली असते, हा विषयच वेगळा.

बाकी कुठं जास्त पाहायचं? वीटभट्टीच्या जागा, कारण भट्टीवाला माती काढून खड्डा सोडून जाते आणि मग त्यात मलबा, कचरा, जे मिळेल ते टाकतात. बंद पडलेली गिट्टीची खदान, तिचंही तेच. जुना पेट्रोल पंप, तिथं जमिनीखालच्या टाक्या गळलेल्या असू शकतात. ट्रकचे गॅरेज, बॅटरी फोडणारे कबाडी, प्लेटिंगची लहान वर्कशॉप. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर एमआयडीसीला लागून असलेली शेतं. नाग आणि पिवळी नदीचे काठ. आणि भांडेवाडी, तिथं डम्पिंग यार्डचं काळं पाणी जमिनीत उतरणं हा एक प्रश्न आणि सडलेल्या कचऱ्याचा मिथेन हा दुसरा, हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ठिणगीवर पेट घेतो, म्हणून अशा ठिकाणी बेसमेंट असलेलं घर घेताना दहादा विचार करा. याचा अर्थ या भागातली सगळी जमीन खराब असा नाही राजेहो, याचा अर्थ इतकाच की तिथं टेस्ट केल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

आता करायचं काय. आधी फुकटचं काम. कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडा, त्यात जुन्या वर्षांचे फोटो पाहायची सोय आहे, आपला प्लॉट शोधून एकेक वर्ष मागं जा. खड्डा दिसतो का, पांढुरका-राखाडी सपाट पट्टा दिसतो का, नाला आधी कुठून जायचा आणि आता कुठून जाते, शेड होती का. उन्हाळ्याचे फोटो जास्त कामाचे, पावसाळ्यात सगळं हिरवंच दिसते. मग जुने सातबारे काढा आणि पिकाचा रकाना वाचा. आजूबाजूला सोयाबीन-कापूस आणि याच गटात सारखं पडीत लिहिलं असेल तर काहून ते पटवाऱ्याला विचारा. जुन्या एनए ऑर्डरमध्ये जमीन कशासाठी अकृषक केली तेही लिहिलेलं असते, राहण्यासाठी का उद्योगासाठी. शेवटी पानठेल्यावर जा. ब्रोकरला सोबत नेऊ नका. "जमीन चांगली आहे का" असं विचारलं तर सगळे हाव म्हणतील, त्यापेक्षा "इथं आधी काय होतं, आणि ट्रक कशाचे यायचे" असं विचारा.

हे सगळं ठीक वाटलं तर मालकाची परवानगी घेऊन जेसीबीनं दोन-अडीच मीटरचा एक खड्डा मारा, मोठा प्लॉट असेल तर दोन-तीन. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी वर काळी माती आणि खाली मुरूम असा क्रम असतो. मधेच राखाडी भुकटीचा थर, प्लास्टिक, काच, तेलकट चमक, डिझेलसारखा वास, निळे-हिरवे डाग, असं काही निघालं तर ते वरून आणून टाकलेलं आहे. खड्ड्यात उतरू नका, काठ ढासळतो, आणि नाकाजवळ नेऊन वास तर अजिबात घेऊ नका.

मातीची टेस्ट करताना एक घोळ नेहमी होतो. लोक शेतीवाल्या लॅबमध्ये नमुना देतात, तिथून नत्र-स्फुरद-पालाश आणि पीएचचा कागद येतो आणि माणूस खूष. त्यात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यातलं काहीच नसते. एनएबीएल मान्यता असलेल्या पर्यावरणाच्या लॅबला विचारा, जड धातू सांगा, पंप किंवा गॅरेजची जागा असेल तर पेट्रोलियम आणि बेंझीन पण सांगा. वरची माती वेगळी, खालच्या संशयित थराची वेगळी, एकत्र मिसळू नका, नाहीतर खराब थर चांगल्या मातीत लपून जातो. बोअर असेल तर पाण्याचीही टेस्ट करा, आधी पंप दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिसं आणि आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, नायट्रेट ४५ मिलिग्रॅम इतकीच मर्यादा आहे. फ्लोराइड जास्त निघालं तर लगेच कारखान्याला शिव्या देऊ नका, विदर्भात ते खडकातूनही येते.

कागदावर काय घ्यायचं? इसारपत्रातच लिहून घ्या की जमिनीचा आधीचा वापर आणि भरण कशाचं ते विकणाऱ्यानं सांगितलं आहे, आणि टेस्टच्या आधीच इसार द्यावा लागला तर लॅब रिपोर्ट खराब आल्यावर तो परत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम ५५ तसंही म्हणते की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगावाच लागतो. पण कोर्टात माहीत होतं हे सिद्ध करत बसण्यापेक्षा आधीच सही घेतलेली बरी. सही करायला खळखळ करत असेल तर समजून जा भाऊ.

ज्यांचं घर आधीच बांधून झालंय त्यांनी घाबरून विकायला काढू नये. जड धातू मुख्यतः धुळीतून, मातीच्या हातातून आणि पाण्यातून पोटात जातात, लहान पोट्टे सगळ्यात आधी. उघड्या मातीवर फरशी किंवा चांगल्या मातीचा थर आणि गवत टाका, पालक-मेथी जमिनीत न लावता विकतच्या मातीच्या कुंडीत लावा, चपला बाहेर काढा. बोअरचं पाणी उकळून धातू किंवा नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत पिण्या-स्वयंपाकाला नळाचंच पाणी वापरा.

शेजारून खरंच काही सोडत असतील तर सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथं लेखी तक्रार द्या, फोटो आणि लॅब रिपोर्ट जोडा, पोच घ्या. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढले, त्यात संशयित जागांची माहिती स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनानं द्यायची आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा असं आहे, म्हणून अर्जाची एक प्रत कलेक्टर ऑफिसला पण द्या. डम्पिंग यार्डच्या घनकचऱ्याचा कायदा मात्र वेगळा आहे, त्याची तक्रार मनपा आणि मंडळ दोघांकडं करा.