इन्फ्युजनच्या पॅनलमध्ये बुडबुड्यांची रांग: माझा अनुभव

इन्फ्युजन म्हणजे मोल्डवर (साच्यावर) कोरडं कापड रचून, वर प्लास्टिकची बॅग हवाबंद चिकटवून, पंपाने हवा ओढून रेझिन आत खेचणं.

लक्षण: कार्बन-इपॉक्सी पॅनलमध्ये दर वेळी एका कडेपासून आउटलेटकडे (पंपाच्या नळीकडे) जाणारी बुडबुड्यांची रांग. पंप चालू असताना व्हॅक्यूम गेज मात्र अगदी व्यवस्थित. रेझिन जास्त वेळ डीगॅस केलं (त्यातली हवा काढली), फ्लो मेश (रेझिन पसरवणारी जाळी) कमी केली, हार्डनर नवा आणला, फरक शून्य. पीएचडीचे चाचणी-नमुने असे बाद होताना बघून जाम वैताग आला होता.

चालू पंप बारीक गळती झाकून टाकतो. पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गेजचा काटा सरकायला लागला. कारण निघालं सीलंट टेपखाली (बॅग मोल्डला चिकटवणाऱ्या पट्टीखाली) आडवा पडलेला कार्बनचा एक धागा! त्याच्या तंतूंमधून हवा आत झिरपत होती.

आता क्रम असा. मोल्डची कड ॲसिटोनने पुसून टेप सगळ्यात आधी लावायची, वरचा कागद तसाच ठेवायचा. मग कापड, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), मेश. कडेचे सुटे धागे चिमट्याने उचलून, कागद थोडा थोडा सोलत बॅग चिकटवायची. इनलेट (रेझिन आत येण्याची नळी) बंद ठेवून पूर्ण व्हॅक्यूम ओढायचा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून 15 मिनिटं थांबायचं. काटा हलला तर आधी बॅगेच्या घड्यांची टोकं दाबून बघायची. रेझिन तोवर कालवायचंच नाही.